आठ टनांचा गारवा

परतूर
३ मार्च २०२४

चि. सत्यशीलास,
मामाचा भरभरून जयभीम.

फोन सोडून पत्र का लिहितोय म्हणून हसू नकोस. बत्तीस वर्षं पोस्टमन म्हणून लोकांच्या आनंदाच्या बातम्या दारोदार वाटल्या, आता स्वतःच्या घरची बातमी फोनवर हॅलो हॅलो करत उधळून टाकू की काय? शिवाय तुमच्या कुन्नूरच्या डोंगरात रेंज नसते आणि माझ्या कानांना आताशा कुठंच नसते.

तर बातमी अशी की एसी आला. खिडकीतला खोका नव्हे बरं. जालन्यात कापडाचं एक मोठं दुकान बंद पडलं, तिथला अख्खा सेंट्रल एसी उचलून आणला. बाहेर कपाटाएवढं यंत्र, आत माळ्यावरून पत्र्याचे बोगदे आणि प्रत्येक खोलीत जाळी. आठ टनांचा आहे. टेम्पोतून उतरवायला अर्धी गल्ली लागली. तुझी मामी दारात उभी राहून म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड." म्हटलं, नाक नवीन बांधलंय, पेलेल.

हा खटाटोप कोणासाठी ते तुला कळलंच असेल. तुझी आई गेल्यावर तुझं माहेर म्हणजे आमचंच घर. आणि साक्षी नऊ वर्षांची झाली तरी तिनं परतूर पाहिलं एकदाच, तेही डिसेंबरात, स्वेटर घालून. लेकराला जन्मापासून घाम येत नाही, ऊन लागलं की अंग तापत जातं आणि उतरायचं नाव घेत नाही, हे मी विसरलेलो नाही. म्हणून तू थंड गावी नोकरी धरलीस, तेही बरोबरच केलंस. पण बाई, आजोळ असतं मे महिन्यात. बांधावरच्या आंब्याला पाड लागतो तेव्हा. गल्लीतली झाडून सगळी नातवंडं येतात, आणि आमच्या अंगणात मामी एकटीच कुरड्या राखत बसते.

२३ मेला बुद्धपौर्णिमा आहे. नव्या घराची वंदना त्याच दिवशी घ्यायची आणि पहिली मेणबत्ती साक्षीनं लावायची, असं मी ठरवून टाकलंय. आता घरात जालन्याच्या शेठजीच्या दुकानासारखा गारवा राहील. लाइट गेली तर काय, असं तू विचारशील. त्याचाही बंदोबस्त झाला. राधेश्याम मंडपवाल्याचा जनरेटर आहे. तो म्हणाला, "मामा, याच्यावर अख्खी वरात चालते. डीजे, झुंबर, आइस्क्रीमची पेटी. तुमचा एसी काय चीज आहे?"

तिकिटं काढ.

तुझा,
अप्पाराव मामा


कुन्नूर
१२ मार्च २०२४

ती. मामांस,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र साक्षीनं मोठ्यानं वाचलं आणि वाचता वाचताच पलंगाखालची बॅग ओढली. मार्च महिन्यात. तेव्हापासून रोज तिच्यात काहीतरी भरतेय. काल स्वेटर भरला होता, तो मी काढला तर म्हणाली, "अगं, मामाआजोबांच्या घरात थंडी वाजेल ना." मामा, या मुलीला परतूरला थंडी वाजेल असं कोणी म्हणेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मला यायचंय. इतकं यायचंय की त्याचीच भीती वाटते, म्हणून आता तुमच्याशी जरा कडक बोलणार आहे.

गेल्या वर्षी कोइमतूरहून परत येताना घाटाच्या पायथ्याशी आमची गाडी बंद पडली. दुसरी गाडी मिळेपर्यंत मी साक्षीच्या अंगावर पाणी ओतत रस्त्यात बसले होते. ती हसत होती, मग हसणं थांबलं, मग मला ओळखेना. वर दवाखान्यात पोचल्यावर शुद्धीवर आली. तिच्या बाबतीत उकाडा म्हणजे नुसता त्रास नसतो. तेव्हा मेमध्ये भरदुपारी लाइट गेली आणि जनरेटरनं दगा दिला, तर तिथून थंड जागा किती लांब आहे ते तुम्हीच सांगा.

राधेश्यामभाऊंचा जनरेटर वरातीला चांगला असेल, पण एसीचं काम वेगळं. दिव्यांची माळ लावली की ती तेवढीच वीज घेत राहते. एसीचा कॉम्प्रेसर तुमच्या विहिरीवरच्या मोटारीसारखा असतो. स्टार्टर दाबला की घरातला बल्ब कसा मंदावतो, आठवा. सुरू होण्याच्या त्या क्षणी तो एरवीच्या पाच-सहा पट ओढतो. तो झटका जनरेटरला सोसला तरच पुढची गोष्ट. शाळेत मी पोरांना हेच शिकवते, पण स्वतःच्या लेकरासाठी हे गणित मांडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

एसीच्या यंत्रावर एक पाटी असेल. तिच्यावरचं सगळं उतरवून पाठवा. आणि तो जनरेटर प्रत्यक्ष जोडून पाहा. एसी त्याच्यावर चालला नाही तर आम्ही येणार नाही. हे मी साक्षीला अजून सांगितलेलं नाही.

तुमची,
सत्यशीला


परतूर
२५ मार्च २०२४

चि. सत्यशीलास,
मामाचा, थोडं खाली बघून, जयभीम.

परीक्षा झाली. निकाल शेवटी सांगतो, आधी सोहळा ऐक.

रविवारी राधेश्याम ट्रॉलीवर जनरेटर घेऊन आला. गल्लीत बातमी आधीच गेल्ती, त्यामुळं माणसं लग्नासारखी जमली. समोरची केशरबाई तुला आठवत असेल, तुला लहानपणी अंगणात पकडून पकडून न्हाऊ घालायची. सत्तरी ओलांडली, पण जागा धरण्यात अजून तिचा हात कोणी धरत नाही. बैठकीतल्या मोठ्या जाळीखाली खुर्ची टाकून ती डोळे मिटून बसली, वारा यायच्या आधीच. 

मेन स्विच पाडला. राधेश्यामनं इंजिन सुरू केलं. दिवे लागले, पंखे फिरले, पोरांनी टाळ्या पिटल्या. राधेश्यामनं माझ्याकडं असं पाहिलं की वाटलं आता हा हार मागतो. मग मेकॅनिक कल्याणनं एसीचं बटण दाबलं. इंजिन कण्हलं, काळा धूर सोडला, दिवे विझत्या बिडीएवढे झाले आणि सगळं ठप्प. राधेश्याम म्हणाला, "डिझेल खराब आहे." डिझेल बदललं, पुन्हा तेच. पण दुसऱ्या खेपेला मामीला गच्चीवर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला.

बोअरची मोटार गं. आपल्याकडं लाइट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून जो तो मोटारीला ऑटो बसवून निवांत झोपतो. लाइट आली की मोटार आपली आपण सुरू. मीही सवयीनं नव्या घरात ऑटोच बसवला होता. म्हणजे जनरेटर सुरू झाला रे झाला की एसीच्या बरोबरीनं बोअरची मोटारही त्याच्या छातीवर बसत होती. आणि गंमत बघ, शेतात आम्ही हेच टाळतो. सगळ्यांचे ऑटो एकदम लागले की ट्रान्सफॉर्मरची डीपी जळते, म्हणून आमच्या डीपीवर सगळ्यांनी मिळून पाळी लावली आहे. एकाची मोटार चालू लागली की मगच दुसऱ्यानं स्टार्टर दाबायचा. शेतातलं शहाणपण घरात यायला पायरी चढायची विसरलं.

ऑटो काढून तिसऱ्यांदा पाहिलं. तरी ठप्पच. राधेश्याम घाम पुसत म्हणाला, "मामा, वरात काढा. एसीचं तुमचं तुम्ही बघा." केशरबाईनं डोळे उघडले आणि म्हणाली, "येवढी माणसं गोळा केली, आन हवा कुठाय?"

तेव्हा निकाल, नापास. पण मी खचलेलो नाही, उलट आता मला यातलं कळायला लागलंय आणि झोप येईना झालीय. कल्याणनं उतरवलेली पाटी सोबत जोडतोय. बघ आणि सांग, केवढा जनरेटर आणू? तू सांगशील तो आणीन. बॅग रिकामी करू देऊ नकोस.

अप्पाराव मामा


कुन्नूर
२ एप्रिल २०२४

ती. मामा,
सविनय जयभीम.

मी पाटी पाहून टुणकन उडी मारली. तुमच्या यंत्रात एक नाही, दोन कॉम्प्रेसर आहेत. शेठजीचं दुकान मोठं, गिऱ्हाईक खूप, म्हणून दोन. आपल्याला जनरेटरवर दोन्ही कशाला हवेत? दोन्ही एकदम सुरू करायचे म्हटलं तर पन्नास केव्हीएच्या जवळपासचं धूड लागेल, ते तुमच्या गल्लीत शिरायचंही नाही. पण लाइट गेल्यावर एकच चालवायचा असं ठरवलं तर पंचवीस केव्हीए पुरे. पंधरा घेऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी. नुसता चालवायला पंधरा पुरेल, पण सुरू होतानाच धापा टाकेल, आणि आपला सगळा जीव त्या सुरू होण्यात आहे.

आता तुमचीच पाळी इथं लावा. आधी इंजिन स्थिर होऊ द्यायचं, मग दिवे, मग एसीचा नुसता पंखा, आणि तो फिरू लागला की एक कॉम्प्रेसर. बोअर बंद, मामींची पिठाची गिरणी बंद, दुसरा कॉम्प्रेसर बंद. कल्याणला सांगा, हे यंत्रातच बांधून टाक, हातावर ठेवू नको.

एका कॉम्प्रेसरवर घर गार राहील का, हे मी कालपासून मांडतेय. खिडक्यांना जाड पडदे, गच्चीला पांढरा रंग आणि दिवसा दार बंद, एवढं पाळलं तर राहील. फक्त माणसं मोजकी हवीत. हसू नका, पण नुसता बसलेला माणूस शंभर वॅटच्या बल्बएवढी ऊब देतो. मी घरात पाच माणसं धरली आहेत. तुम्ही, मामी, आम्ही दोघी आणि एखादा पाहुणा. साक्षीच्या बाबांना रजा नाही.

परीक्षा भर उन्हात घ्या. रात्री सगळेच जनरेटर पास होतात.

साक्षीनं विचारलंय, बोगद्यातून एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत ऐकू येतं का. तसं असेल तर तिला मामीआजीशी त्यातूनच बोलायचंय.

तुमची,
सत्यशीला


परतूर
२० एप्रिल २०२४

सत्यशीला बाईस,
बेबीनंदा मामीचा जयभीम. साक्षीचे मुके.

आज मी लिहितेय, कारण तुझ्या मामाला लिहायला बसवलं तर ते पानभर नुसतं यंत्राचं गुणगान करतील. पंचवीसवाला आला. त्याला हार घातला. मंडपवाला राधेश्यामही पेढा खाऊन गेला, मनात काही ठेवलं नाही बिचाऱ्यानं. काल भर दुपारी परीक्षा घेतली. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं, त्रेचाळीस होतं म्हणे. कल्याणनं लाइट पाडली. मी पदर तोंडाशी धरून उभी. इंजिन लागलं, दिवे आले, पंखा आला, आणि मग ते बाहेरचं यंत्र घुमायला लागलं ते घुमतच राहिलं. दिवे जरासे लवले आणि परत उभे राहिले. तुझे मामा या वयात जाळीखाली हात पसरून गोल फिरले. मी भिंतीवरचा पारा बघत बसले. चार वाजले तरी पंचवीसच्या वर गेला नाही. बाई, मला तिथंच रडू आलं. साक्षी या खोलीत झोपेल, या खिडकीतून आंबा बघेल, असं एकेक डोळ्यापुढं यायला लागलं.

बोगद्यातून बोलणं ऐकू येतं. मी स्वयंपाकघरातून यांना रागावले ते बैठकीत पाहुण्यांनी ऐकलं.

आता एक बोलते, रागावू नकोस. तू दार बंद ठेवायला सांगितलं, ठेवलं. पण आपल्याकडं दिवसा दार लावलं की लोक समजतात घरात कोणी गेलं नाहीतर भांडण झालं. दोन दिवसांत चार बाया विचारून गेल्या. तेही चालेल. पण तू लिहिलं पाच माणसं. बुद्धपौर्णिमेची खीर पाच माणसांची शिजवतात का? यांनी बत्तीस वर्षं ज्या दारांत पत्रं टाकली, ती दारं नव्या घराच्या वंदनेला बोलवायची नाहीत, तर मग घर बांधलं कशाला? यांची तुला विचारायची छाती होईना. रात्री उठून बसतात, म्हणतात, "पोरगी म्हणती ते बराबर हाय." आणि परत आडवे होतात. म्हणून मी विचारते. गल्ली ऐंशी माणसांची आहे. काय करू?

मामी


कुन्नूर
२९ एप्रिल २०२४

ती. मामा आणि मामी,
सविनय जयभीम.

मामी, तुमचं पत्र वाचून मीही रडले, पारा पंचवीसवर राहिला त्यासाठी. तिकिटं काढली. छत्रपती संभाजीनगरपर्यंत विमान, तिथून उजाडायच्या आत एसी गाडीनं परतूर. साक्षीला अजून खरं वाटत नाही, ती तिकिटं उशाशी घेऊन झोपते.

आता खीर. मला गल्ली ठाऊक आहे, मी तिच्याच अंगणांत वाढले. मी पाच लिहिलं तेव्हाही माझा हात अडखळला होता. तेव्हा ऐका. लाइट असली तर दोन्ही कॉम्प्रेसर चालतील आणि ऐंशी माणसं खुशाल बसतील. पण लाइट गेली की एकच राहील. मग आत ऐंशी माणसं असतील तर एसी चालू असूनही घर तापत जाईल. आधी हळू, मग भराभर. साक्षीला मी आतल्या खोलीत घेऊन बसेन, पण हवा तर सगळ्या घराची एकच आहे. अशा वेळी माणसांना बाहेर जावं लागेल. मेच्या दुपारी, वंदनेला आलेल्या माणसांना.

आणि ते कोणीतरी त्यांना सांगावं लागेल. जनरेटर ते सांगणार नाही. मी सांगितलं तर म्हणतील, डोंगरावरून आली आणि आम्हाला घराबाहेर काढलं. ते घराच्या मालकानंच सांगायला हवं. मामा, दारी आलेल्या माणसाला चहा न देता तुम्ही कधी जाऊ दिलं नाहीत. तुम्हाला हे जमेल? मला गोड उत्तर नको, खरं हवं. जमणार असेल तर सगळी गल्ली बोलवा. नसेल तर पाचच.

तुमची,
सत्यशीला


परतूर
६ मे २०२४

चि. सत्यशीलास,
जयभीम.

जमेल.

बाई गं, मी तारा वाटलेला माणूस आहे. लोकांच्या दारात उभं राहून मरणाच्या बातम्या वाचून दाखवल्या, तेव्हा जीभ अडली नाही. "जरा बाहेर बसा" एवढं म्हणायला काय लागतं? राधेश्याम अंगणात कापडी मंडप टाकतोय, फुकट. कशासाठी ते त्याला सांगितलेलं नाही, नुसतं सावलीला म्हटलंय. लोकांना आधीच सांगून ठेवावं असं मामी म्हणत होती. मी म्हटलं, लाइट जाईलच असं कशाला धरायचं? आणि येण्याआधीच जायचं सांगितलं तर येईल कोण?

आंबे पाडाला आलेत. या.

अप्पाराव मामा


कुन्नूर
४ जून २०२४

ती. मामा,
सविनय जयभीम.

आम्ही सुखरूप पोचलो. मामींनी दिलेले आंबे साक्षीनं शाळेत वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की हे माझ्या गावचे आहेत. माझ्या गावचे. मामा, आजपर्यंत ती परतूरला आईचं गाव म्हणायची.

मला त्या दिवसाबद्दल लिहायचं होतं. निघताना बॅगा चढवण्यात बोलायचं राहिलं आणि गाडी सुटली.

ती मेणबत्ती लावताना मी तिचा चेहरा पाहत होते. बैठक गच्च भरलेली, सगळे पांढऱ्या कपड्यांत, भंतेजींच्या मागून ऐंशी आवाज, आणि मधे माझी मुलगी, कपाळ गार. मग खीर वाढायला घेतली आणि लाइट गेली. मी तिला उचलून आत नेलं. तुमचं इंजिन लागलं, यंत्र घुमू लागलं, सगळं आपण ठरवलं तसं बिनचूक. तरी पारा चढू लागला. सव्वीस, अठ्ठावीस. मी तिचा सदरा भिजवला. तिला काही कळत नव्हतं, ती बोगद्याच्या जाळीला तोंड लावून स्वयंपाकघरातल्या मामीआजीला हाका मारत होती. तीस झाला तेव्हा तिचे गाल लाल झाले आणि हाका थांबल्या. मला घाटाचा तो पायथा आठवला. उठून बाहेर ओरडावं असं वाटलं, पण तिला सोडून उठवेना.

आणि मग पारा तीसवर थांबला. थांबला, आणि उतरायला लागला. अठ्ठावीस झाला तशी ती पुन्हा हाका मारू लागली. मी दार उघडून पाहिलं तर बैठक रिकामी. एक माणूस नाही. खिडकीचा पडदा सारला, तर सगळे त्या कापडाखाली दाटीवाटीनं बसलेले, पांढरे कपडे अंगाला चिकटलेले, खिरीच्या वाट्या हातात.

मामा, तुम्ही बोललात. तुमच्यासारख्या माणसानं नव्या घराच्या पहिल्या दिवशी ऐंशी माणसांना उठा म्हटलं, माझ्या लेकरासाठी. मला माहीत आहे ते शब्द तुम्हाला किती जड गेले असतील. मी जन्मभर विसरणार नाही.

तुमची,
सत्यशीला


परतूर
१२ जून २०२४

चि. सत्यशीलास,
मामाचा जयभीम, साक्षीला आशीर्वाद.

तुझं पत्र मामीनं मला दोनदा वाचून दाखवलं आणि दोन्ही वेळा मी उठून अंगणात गेलो. तू जे माझ्या नावावर लिहिलं आहेस ते माझं नाही, म्हणून ते परत करतो. चुकीच्या दारात पडलेलं पत्र ठेवून घ्यायची मला सवय नाही.

मी बोललो नाही.

लाइट गेली तसा मी बैठकीच्या मधोमध उभा राहिलो. तू मुलीला घेऊन आत गेलीस ते सगळ्यांनी पाहिलं. मी हात वर केला. सगळे माझ्याकडं बघायला लागले, वाटलं मामा आता भाषण करतो. समोर रखमाजी बसलेले, ज्यांच्या पोराचं नोकरीचं पत्र मी पावसात भिजत नेऊन दिलं होतं. त्यांच्या हातात वाटी, खीर नुकतीच वाढलेली. मी म्हणालो, "मंडळी," आणि पुढं शब्दच येईना. तारा वाटणारा मी. भिंतीवर पारा दिसत होता, तो चढत होता, आणि मी पुन्हा म्हणालो, "मंडळी, खीर घ्या." खीर घ्या म्हणालो बाई. पारा अठ्ठावीसच्या पुढं गेला तरी मी खीर घ्या म्हणत होतो.

आणि केशरबाई उठली. तुला माहीत आहे ती कुठं बसली होती. मोठ्या जाळीखाली, सकाळपासून, कोणाला बाजूला सरकू देईना. तिनं आधी जाळीकडं पाहिलं, मग तुझ्या बंद दाराकडं, मग माझ्याकडं. वाटी पदराखाली धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आपल्याला घाम तरी येतंय. त्या लेकराला न्हाई येत. चला, बाहीर बसू."

बस्स. एवढंच. कोणी कोणाला काही विचारलं नाही. रखमाजी गुडघ्यावर हात टेकून उठले. बाया पोरांना कडेवर घेऊन उठल्या. भंतेजी चीवर सावरत सगळ्यांच्या आधी दाराबाहेर. एकाची वाटी कलंडली तेवढाच आवाज झाला. माणसं आपापल्या चपला न शोधता उन्हात गेली, फरशी तापलेली, तरी कोणी हाय की हूय केलं नाही. लाइट परत आल्यावर मी सगळ्यांना आत चला म्हटलं, तर म्हणाले, राहू द्या मामा, घर अजून गार व्हायचंय.

पण ते नंतरचं. त्या वेळी बैठक रिकामी झाली आणि मी मधोमध एकटाच उभा, हात अजून वरच. डोळ्यांतून पाणी. गार वाऱ्याखाली. तेवढ्यात केशरबाई उंबऱ्यातून वळली. तिच्या कपाळावरून धारा लागल्या होत्या. मला नखशिखान्त न्याहाळून म्हणाली, "अप्पाराव, तुमाला घाम न्हाई येत का? मंग तुमी आत काय करून राह्यलेत?"

मी हात खाली घेतला आणि त्यांच्यात जाऊन बसलो.

तुझा,
अप्पाराव मामा